चला, बारव पाहू या

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीनं आम्हाला विषय दिला तो असा, की आपल्या सेलू-जिंतूर भागात पाहण्यासारखं काय आहे ते सांगा. आम्ही जिनिंगमधले कामगार. सरकी आणि रुई यातलं विचाराल तर रात्रभर सांगू. पण रविवारी सुट्टी मिळाली की सायकलवर, पुढं मोटारसायकलवर हा भाग आम्ही पालथा घातला आहे, आणि त्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहोत. त्या बळावर दोन शब्द.

सेलू ही कापसाची पेठ. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाची मनमाड-सिकंदराबाद रेल्वे इथून गेली आणि पेठ वाढली. जिंतूर त्याहून जुनं, पण रेल्वे तिकडं गेली नाही. पाहुणे आले की आपण त्यांना पाथरीला साईबाबांच्या मंदिरात नेतो. बाबांचा जन्म पाथरीचाच का, यावरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डी बंद झाली होती, ते आठवत असेल. गंगाखेडला गोदावरीकाठी जनाबाईचं मंदिर आहे. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई, तिचे अभंग सातशे वर्षं टिकले. परभणीत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो, त्याला तर आपली निम्मी वस्ती जाते. औंढा नागनाथ मात्र आता आपल्या जिल्ह्यात राहिलं नाही. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडं गेलं. येलदरीचं धरण पूर्णा नदीवर, १९६८ साली पुरं झालेलं. तिथं साडेबावीस मेगावॅट विजेचं केंद्र आहे. लेकरांना एवढी पाण्याची चादर दाखवाच.

जिंतूरजवळ नेमगिरीचा डोंगर आहे. त्याच्या पोटात जैनांच्या गुंफा आहेत. वाकून आत जावं लागतं आणि आत गेलं की भली मोठी मूर्ती एकदम समोर येते. पार्श्वनाथाची मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली आहे, ती पाहून माणूस गप्पच होतो. इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्यातले काही तरुण कुठंही ध्यानस्थ मूर्ती दिसली की "हा बुद्धच" म्हणून मोकळे होतात. डोक्यावर नागफणा बुद्धालाही दाखवतात, मुचलिंद नागाची कथा आपल्याला ठाऊक आहे. पण बुद्धाच्या अंगावर चीवर असतं. दिगंबर तीर्थंकराच्या अंगावर वस्त्र नसतं. आधी पाहावं, मग बोलावं. बुद्धाची लेणी पाहायची तर वेरूळ आहे, अजिंठा आहे, औरंगाबादची लेणी आहेत. दुसऱ्याच्या देवळावर आपली पाटी लावायची आपल्याला काय गरज?

आता आमच्या मूळ मुद्द्याकडं येतो. तो म्हंजे बारव.

जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. यादवांच्या काळातली देवळं, उंच कोरीव दगडी स्तंभ, आणि बारव. सेलू तालुक्यात वालूरला दुसरी बारव आहे, तिच्या पायऱ्या शंखासारख्या गोल फिरत खाली जातात. अशी घडण फार कमी ठिकाणी सापडते. ती गाळानं आणि कचऱ्यानं बुजली होती. २०२१ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून मोकळी केली. आता लांबून लोक फोटो काढायला येतात.

विहीर आणि बारव यात फरक काय, तो लेकरांना सांगा. विहिरीत पोहरा सोडायचा, माणूस वरच. बारवेत माणसानं स्वतः पाण्यापर्यंत उतरायचं. पाणी खाली गेलं की आणखी चार पायऱ्या उतरायच्या. वाटसरू, व्यापाऱ्यांचे तांडे, बैल, सगळ्यांच्या सोयीची ही युक्ती. पण आपल्या माणसांसाठी हीच युक्ती अडसर झाली. पायरीवर पाय पडणार, पाण्याला हात लागणार, म्हणून आपल्याला उतरूच द्यायचे नाहीत. आमची आजी सांगायची, वरच्या पायरीपासून लांब घागर ठेवून बसायचं. कुणी बाई पाणी घेऊन वर आली आणि तिला दया आली, तर ती उंचावरून ओतायची. अर्धं पाणी मातीत जायचं. दुपार व्हायची. आजीनं त्या बारवेचं पाणी आयुष्यभर प्यालं, पण आतून ती कशी बांधली आहे हे तिनं कधी पाहिलं नाही.

मुंबई इलाख्यात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. त्याच्या आधारावर २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. पण आपण निजामाच्या मुलखात, तो ठराव आपल्याला लागू नव्हता. या मुलखात खुद्द बाबासाहेबांना काय अनुभव आला तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली ते लिखाण पुस्तिका म्हणून छापलं. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळ पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. म्हंजे आपल्यासारखेच सहलीला निघालेले लोक. दरवाजाच्या बाहेरच्या हौदावर त्यांनी धुळीचे हातपाय धुतले आणि "हौद बाटवला" म्हणून ओरड झाली, लोक अंगावर धावून आले. बाबासाहेबांनी विचारलं, उद्या आम्ही मुसलमान झालो तर अडवाल का? त्यावर समोरचे गप्प झाले. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठंही पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बॅरिस्टर, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस, आणि किल्ला पाहताना मागं शिपाई!

पुढं २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट ही नावं घेऊन लिहिलं आहे, की जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहीर हा शब्द उगीच आला नाही.

बारवा ओस पडल्या त्याला आणखी एक कारण आहे. नारू. जुन्या माणसांनी पायातून दोऱ्यासारखा जंत निघताना पाहिला आहे. रोगी पाण्यात उतरला की जंताची पिलं पाण्यात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात. म्हणून सरकारनं पायऱ्यांच्या विहिरी बंद करायला, हातपंप बसवायला सुरुवात केली. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त म्हणून जाहीर केला. चांगलंच झालं. पण ज्या वर्षांत आपल्याला उतरायचा हक्क मिळाला, त्याच वर्षांत बारवेत उतरायचं कारण उरलं नाही. नळ आला आणि बारव उकिरडा झाली.

काही बंधू म्हणतात, जिथं आजीला उभं केलं नाही तिथं सहलीला कशाला जायचं? बुजू द्या. हे आम्हाला पटत नाही. तो दगड खाणीतून कुणी काढला, कुणी वाहिला, कुणी चिणला? राजाचं नाव शिलालेखावर असतं, पाथरवटाचं नसतं. आणि शाळेची सहल जाते, तेव्हा मास्तर यादवांचं नाव सांगतात, कोरीव काम सांगतात. वरच्या पायरीपासून लांब ठेवलेली घागर कोण सांगणार? ती गोष्ट ज्यांच्या घरात आहे त्यांनीच सांगायची. आमच्या नातीला आम्ही वालूरला नेलं. ती भराभर खाली गेली, पाण्यात हात घालून वर आली आणि म्हणाली, आजोबा, किती गार आहे. आम्ही तिला आजीची गोष्ट तिथंच, पायरीवर बसून सांगितली. तिनं विचारलं, मग तुम्ही का नाही उतरलात? गुडघे दुखत होते, तरी उतरलो.

तर समितीला आमची विनंती, की होळीच्या आधी एक रविवार धरावा. पावसाळ्यात बारव भरलेली असते, पायऱ्या दिसत नाहीत, आणि शेवाळानं पाय घसरतो. सकाळी वालूर, मग चारठाणा, परत येताना नेमगिरी. भाकरी घरूनच घ्यावी. प्लास्टिकचा कागद तिथं टाकू नये. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी-आजोबा आहेत त्यांची नावं पहिल्यांदा लिहा, त्यांना पुढच्या सीटवर बसवा. नावं आजच देऊन जा, वही दाराशी ठेवली आहे. जय भीम.