माझा हात का थरथरतो
(स्नेहमेळाव्यातलं मनोगत)



सकाळपासून तुम्ही माझ्या उजव्या हाताकडे बघताय आणि पटकन नजर वळवताय. तेव्हा मीच सांगून टाकतो. सात वर्षांपूर्वी मला पार्किन्सनचं निदान झालं. वर्गाच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहायचो, आठवतं ना? आता ओळ संपेपर्यंत माझं अक्षर मुंगीएवढं होतं. या आजाराचं ते एक लक्षणच आहे.

मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी मरत जातात. गोळ्यांनी डोपामिनची उणीव भरून निघते, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग नव्याच लावल्या तर? स्वीडनमधल्या लुंडला १९८७ साली तो प्रयोग सुरू झाला. गर्भपातातून मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत बसवल्या. काहींना खरोखर गुण आला.

दोन वर्षांपूर्वी मुलानं एका क्लिनिकचं पत्रक आणलं. पोटाच्या चरबीतून पेशी काढून पाठीत टोचणार, खर्च काही लाख. सोबत बऱ्या झालेल्यांचे हसरे फोटो. खरं सांगतो, मी गावाकडची जमीन विकायला निघालो होतो.

तेवढ्यात माझ्या डॉक्टरांनी अमेरिकेतली एक जुनी चाचणी समजावून सांगितली. २००१ साली तिचे निष्कर्ष छापून आले. रुग्ण ४०. वीस जणांच्या मेंदूत गर्भाच्या पेशी सोडल्या, उरलेल्या वीस जणांच्या कवटीला नुसतीच भोकं पाडली. कुणाला काय मिळालं, हे वर्षभर रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. साठीच्या आतल्यांच्या हालचाली थोड्या सुधारल्या, म्हाताऱ्यांना फारसा फरक नाही. पेशी मिळालेल्या काही जणांचं अंग पुढं आपोआप वेडंवाकडं हलू लागलं, गोळ्या कमी केल्या तरी थांबेना. आणि गंमत अशी, की आपल्याला पेशी मिळाल्या असं ज्यांना वाटलं, त्यांनी आयुष्य सुधारल्याचं सांगितलं. मग पेशी मिळालेल्या असोत वा नसोत!

पत्रकातले ते हसरे चेहरे मला आठवले. ते खोटं बोलत असतील असं नाही. मी त्या क्लिनिकला फोन करून विचारलं, "ही चाचणी आहे का? नोंदणी क्रमांक काय?" पलीकडून उत्तर आलं, "काका, ही ट्रीटमेंट आहे." प्रयोग माझ्यावर, आणि पैसेही माझेच! मी फोन ठेवला. मुलगा महिनाभर रुसला होता.

आशा सोडली असं मात्र समजू नका. जपानमधल्या क्योटोत २०१८ पासून सात रुग्णांच्या मेंदूत पेशी बसवल्या. गर्भातल्या नव्हे, प्रौढ माणसाच्या पेशींना प्रयोगशाळेत मूळ अवस्थेत नेऊन घडवलेल्या. २०२५ साली अहवाल आला. दोन वर्षांत गंभीर अपाय नाही, पेशी डोपामिन तयार करताहेत, काहींच्या हालचालीही सुधारल्या. पण रुग्ण अवघे सात, आणि तुलनेला दुसरा गट नाही. मी वाट बघतोय. जमीन अजून आहे.

आता माझ्या गोळीची वेळ झाली, ती जेवणाआधी घ्यावी लागते. आणि वाढणाऱ्यांनो, मला आमटी अर्धीच वाटी वाढा, संपली की मी पुन्हा मागेन.