वारीचा हक्क आणि बारीतला धीर



(गजर : विठ्ठल विठ्ठल, जय हरी विठ्ठल)

मायबाप श्रोते हो, युसूफ वडगावच्या या अखंड हरिनाम सप्ताहात आज सेवेचा योग आला. सेवेसाठी घेतलेला अभंग आपण टाळकऱ्यांबरोबर म्हटलात. अभंगाचा विषय देवाच्या दारात उभं राहण्याचा. उभं राहणं म्हणजे सोपं वाटतं. पण बापहो, उभं राहायला लई बळ लागतं. पळायला तेवढं लागत नाही.

आता आल्या आल्या एक गंमत बघितली. राग नका मानू. पुढच्या सतरंजीवर पाच-सहा टॉवेल अंथरलेले होते. मी विचारलं, ही मंडळी कुठं आहेत? तर म्हणले, "महाराज, ती नेहमीची माणसं आहेत, येतील की." म्हणजे टॉवेल कीर्तनाला वेळेवर आला आणि माणूस पानटपरीवर! (हशा) आणि ज्या आजीबाई लांबून, धनेगावच्या बाजूनं काठी टेकत आल्या, त्या मागं खांबाला टेकून बसल्या. का? तर पुढची जागा नेहमीच्या माणसांची. आजचं सगळं निरूपण या एका शब्दावर आहे. "नेहमीचा."

माझा मुलगा पुण्याला असतो. सुट्टीत नातवंडांना घेऊन तो एका मोठ्या करमणुकीच्या उद्यानात गेला. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ. तिथं म्हणे वर्षाचा पास मिळतो. एकदा पैसे भरायचे आणि वर्षभर वाटेल तेव्हा जायचं. गर्दी मोठी. एका पाळण्यासाठी तासभर रांग. तर रांगेत भांडण कोणी काढलं असेल? जो गावाकडून पोरांना घेऊन वर्षात एकदा आला, त्यानं नाही. भांडण काढलं पासवाल्यानं. "आम्ही वर्षभराचे पैसे भरलेत, आम्ही दर आठवड्याला येतो, आम्हाला रांग कसली?" मुलगा म्हणाला, "बाबा, नवल वाटलं. जो उद्या पुन्हा येऊ शकतो त्याला आज थांबवत नाही, आणि ज्याला पुन्हा यायला मिळेल का नाही ठाऊक नाही, तो गुमान उभा!"

मी त्याला हसलो. म्हणलं, शहराची रीतच ती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझंच हसू माझ्या अंगावर आलं. कारण आपणही वारीचा पास करून ठेवलाय मायबाप! "माझी ही तिसावी वारी." "आमच्या घरात चार पिढ्यांची वारी." चांगलंच आहे. पण हे वाक्य आपण कुठं म्हणतो? देवासमोर म्हणत नाही. बारीत म्हणतो. पुढच्याला सरकवायला म्हणतो. मुक्कामाला तंबूतली कोरडी जागा धरायला म्हणतो. पंगतीत पहिल्या पानावर बसायला म्हणतो. वाऱ्या मोजल्या, अन् धीर मोजायचा राहिला.

(गजर : विठ्ठल विठ्ठल)

पंढरीत बारी सुरू कोणापासून झाली? सांगा बरं. भक्तापासून? नाही. देवापासून! पुंडलिकराय आई-वडिलांची सेवा करीत होते. दारात साक्षात परमात्मा आला. कोणताही पास चालावा असा पाहुणा. पुंडलिकानं काय केलं? वीट भिरकावली. "देवा, हातातलं काम होईपर्यंत यावर थांब." देवानं विचारलं का, "मला ओळखलं नाहीस का? मी कोण आहे माहिती आहे का?" हे वाक्य आपलं आहे, देवाचं नाही. देव विटेवर उभा राहिला, हात कमरेवर ठेवले, आणि अजून उभा आहे. ज्याच्या दर्शनाला आपण उभे राहतो तो आपल्या आधीपासून उभा आहे, मग बारीत तक्रार कोणी कोणाकडं करायची?

आषाढी-कार्तिकीला काय होतं, ठाऊक आहे ना? यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढतात. शेजघरातला पलंग निघाला म्हणजे देवाची झोप संपली. रात्रंदिवस दर्शन चालू. उभं राहून शीण होतो म्हणून देवाच्या पाठीशी मऊ लोड देतात. यात्रा उलगली की प्रक्षाळपूजा होते. पायाला लिंबू-साखर चोळतात, स्नान घालतात, शीण जावा म्हणून रात्री काढा देतात. मग पलंग परत येतो आणि देव निजतो. आपण पत्राशेडमध्ये बारा तास, वीस तास उभे राहून कंबर धरतो. देव तितके दिवस डोळा लावत नाही. बारीचं हे दुसरं टोक आपण ध्यानात घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, महाराज दुसऱ्याला लई सांगतात. म्हणून स्वतःचं सांगतो. पाप लपवून कीर्तन करू नये.

बऱ्याच वर्षांपूर्वीची आषाढी. माझ्या तीसेक वाऱ्या झाल्या होत्या. गळ्यात वीणा, लोक पाया पडतात, नाव झालेलं. दशमीला बारीत उभा राहिलो, रांग गोपाळपूरच्या बाजूला पत्राशेडात गेलेली. तीन तासांत पाय भरून आले. तेवढ्यात ओळखीचा एक माणूस भेटला. म्हणाला, "महाराज, तुम्ही इथं? तुमच्यासारख्यानं उभं राहायचं का? ही चिठ्ठी घ्या." मी घेतली. मनाला समजावलं, उद्या कीर्तन आहे, घसा-पाय जपले पाहिजेत. मन वकील असतं बापहो, वाटेल ती बाजू मांडतं. निघालो. माझ्या पुढं आपल्याच केज तालुक्यातली एक बाई उभी होती. ऊसतोडीला जाणारी. नवरा-बायकोचा एक कोयता. उचल घेतलेली. कार्तिकी तिला जन्मात कधी मिळाली नाही, कारण तेव्हा ती कारखान्यावर. आषाढीला पेरणी. त्या वर्षी पहिल्यांदाच आली होती. मी निघालो तेव्हा म्हणाली, "महाराज, पुढं चालला व्हय? देवाला सांगा, आम्ही बी येतोय."

अर्ध्या तासात मी गाभाऱ्यात. पायावर डोकं ठेवलं. मुकुट बघितला, मकरकुंडलं बघितली, तुळशीचा हार बघितला. निवांत. बाहेर आलो, चहा घेतला, झोपलो.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात ती बाई भेटली. बावीस तासांनी तिचं दर्शन झालं होतं. पाय सुजलेले. माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "महाराज, एक इचारू का? माझ्या मागं एक म्हातारी व्हती. तिला उभं ऱ्हावना. माझा नंबर आला, मी पायावर डोकं टेकलं, अन् म्हातारीला जागा व्हावी म्हणून लगीच सरकले. देवाच्या तोंडाकडं बघायचंच ऱ्हायलं. घरी लेकरं इचारतील, देव कसा हाय? काय सांगू? हे दर्शन लागू व्हतं का?"

मायबाप, मी आळंदीला शिकलेला माणूस. ज्ञानेश्वरी तोंडपाठ. त्या बाईला उत्तर देता आलं नाही. घशात काहीतरी अडकलं. मी सगळं बघितलं होतं आणि त्या घडीला मला देवाचा चेहरा आठवत नव्हता. तिनं चेहरा बघितला नव्हता, आणि तिच्याकडं बघून मला कळत होतं देव कसा असतो. शेवटी एवढंच म्हणालो, "माउली, तुझं लागू झालं. माझं झालं का नाही, ते मलाच विचारावं लागंल."

पुढच्या वर्षी बारीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. काही चमत्कार झाला नाही. पाय सुजले. दोनदा राग आला, एकदा तर एका पोराला टाकून बोललो. पण तेव्हापासून चिठ्ठी घेतली नाही.

(गजर : ज्ञानोबा माउली तुकाराम)

आता हक्काचं बोलू. पंढरीत सगळ्यात मोठा हक्क कोणाचा? नामदेवरायांचा. लहानपणी हट्ट धरला आणि देवाला नैवेद्य खायला लावला. देव ज्यांच्याशी बोले, त्यांच्याएवढा नेहमीचा माणूस कोण? त्यांनी जागा कुठली मागितली? गाभाऱ्यातली नाही. महाद्वाराची पायरी! परंपरा सांगते, १३५० साली परिवारासह ते त्या पायरीशी समाधिस्थ झाले. का? तर येणाऱ्या संतांच्या पायाची धूळ लागावी. जुन्या वारकऱ्याची जागा कुठं, हे नामदेवरायांनी दगडात दाखवून ठेवलंय. पुढच्या सतरंजीवर नाही दाखवली!

आणि त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली, चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वाराशी समाधी केली. चोखोबांना जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही.

इथं एक नीट ध्यानात घ्या. धीर वेगळा आणि अडवणूक वेगळी. कोणी आपल्याला आत घेत नाही आणि वर धीर धर म्हणतो, ते अध्यात्म नव्हे, तो अन्याय. म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडलं, आणि ते सुटलं तेव्हा मंदिराचं दार हरिजन बांधवांना उघडण्याचं ठरलं होतं. चोखोबांच्या लेकरांनी सहाशे वर्षं दारात काढली. आणि आपण वीस तासांत "आमचं कोण ऐकतं का नाही" म्हणून ओरडतो! ज्याला दार बंद आहे त्याच्यासाठी भांडावं. ज्याला दार उघडं आहे त्यानं धीर धरावा. आपण उलटं करतो.

म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, पोटुशीला पुढं जाऊ द्यावं. ती गरज आहे. गरज आणि हक्क यात फरक आहे. गरज हळू बोलते, हक्क ओरडतो. २०१६ चा दुष्काळ आठवा. आपलं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आपल्या भागात टँकरपुढं घागरींची रांग. घागर ठेवली की माणूस घरी जाई, घागर नंबर धरी. पण दारात बाळंतीण असली की तिची घागर आधी भरायची, हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं. त्या बायांना बारी कळली होती.

आणि धक्काबुक्कीचं फळ काय, तेही सांगतो. साताऱ्याकडं मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी, पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. नवस फेडायला गेलेली माणसं. गर्दीत प्रत्येकाला वाटतं, मी एकटा थोडा पुढं सरकलो तर काय होतं? पण ढकलणारा हात कोणाचा ते शेवटी सापडत नाही. सगळ्यांचाच थोडा थोडा असतो.

तक्रार करूच नये असं मी म्हणत नाही. वारीनं तक्रारीचीही रीत दिली. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, मग आरती होते. सगळे गप्प होतात म्हणून एकाचं ऐकू येतं. सगळेच ओरडले तर कोणाचं ऐकायचं?

तर मायबाप, आषाढी आता दीड महिन्यावर आली. या गावातून दिंडी निघेल. नेहमीच्या मंडळींना हात जोडून मागणं आहे. यंदा बारीत कोणी पहिल्यांदा आलेला दिसला तर त्याला आपल्या पुढं घ्या. कितवी वारी, हे कोणी विचारल्याशिवाय सांगू नका. पाण्याची बाटली मागं द्या. नंबर आला की डोकं टेकवा आणि सरका. देवाचा चेहरा बघायचा राहिला तर राहू द्या. तो उभाच आहे, कुठं जात नाही.

आणि वारीला जायच्या आधी, आत्ताच, एवढं करा. पुढचे ते टॉवेल उचला, आणि खांबाला टेकलेल्या त्या आजीबाईंना पुढं आणून बसवा. त्या बसेपर्यंत मी थांबतो. घाई नाही.

(श्रोते उठून जागा देतात.)

या माउली, या. सावकाश.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!