दिवसाची बर्डी



नागपूरच्या सीताबर्डीची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारीन, दिवसाची की रात्रीची? जनगणना माणसाला तो राहतो तिथं मोजते. बर्डीत राहणारे थोडे, पण बर्डीवर पोट असणारे कितीतरी. त्यांची नावं कामठीत, हिंगण्यात, उमरेड रोडकडच्या वस्त्यांत लागतात आणि दिवसाचे दहा-बारा तास मात्र इथं जातात. 2011 च्या जनगणनेत कामाची जागा घरापासून किती दूर आणि तिथं कशानं जाता, हे विचारलं होतं. कुठं जाता, हे विचारलं नव्हतं.

पहाटे नेताजी मार्केटात झेंडू-शेवंतीचे सौदे होतात, तेव्हा मेन रोडची शटरं खाली असतात. मग मोर भवनच्या स्टँडवरून, मेट्रोतून, शेअर ऑटोतून माणसं उतरू लागतात. कापड दुकानांतल्या मुली, चष्मे बसवणारे कारागीर, मोबाइल दुरुस्त करणारी पोरं, गाठोडी उचलणारे हमाल. फुटपाथवर ठेला लावणाऱ्या बाईची भवानी व्हायला कधीकधी दुपार होते.

बर्डी अशी कामाची जागा झाली ती इतिहासामुळे. 1817 च्या नोव्हेंबरात इथल्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हा शहर शुक्रवार तलावापलीकडे, महालाभोवती होतं. पुढे 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, 1867 मध्ये रेल्वे आली, 1885 मध्ये मॉरिस कॉलेज निघालं. टेकडीवरचा किल्ला, कचेऱ्या, स्टेशन, कॉलेज यांच्या मधोमध बर्डी सापडली. 1956 मध्ये राजधानी गेली, तरी बाजार वाढतच राहिला.

रात्रीचा आकडा धरून दिवसाचा कारभार केला की त्रास कुणाला होतो, ते सांगतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात प्रभाग, झोन किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं आहे. बर्डीसाठी नुसता प्रभाग धरला, तर हजारो गिऱ्हाइकं येणाऱ्या रस्त्यावर थोड्याच ठेल्यांना जागा मिळेल आणि बाकीचे रोज अतिक्रमण हटवणारी गाडी येईल का, या धास्तीत माल मांडतील. याच कायद्यानं शहर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना. त्या बायकांनी हा हिशेब समितीत मांडायलाच हवा.

दुकानांतल्या मुलींची तर अशी समितीही नाही. दिवसभर उभं राहून साड्या उलगडायच्या आणि जवळ स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी कमी प्यायचं. केरळात दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. तिथं 2018 मध्ये आणि तामिळनाडूत 2021 मध्ये दुकानात बसायची सोय कायद्यानं बंधनकारक झाली. बर्डीतल्या मालकांनी कायद्याची वाट न पाहता काउंटरमागं एकेक स्टूल ठेवावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

महापालिकेलाही एक सांगणं आहे. एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता बर्डीतली माणसं मोजा. कुठून आलात, परत कधी जाता, पाणी कुठं पिता, बसता कुठं, एवढंच विचारा. मोजायला मुलं बाहेरून आणावी लागणार नाहीत. जुनं मॉरिस कॉलेज, म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, बर्डीतच आहे.