पीरपंजालच्या दोन्ही अंगांना

(एका व्याख्यानमालेत 'अनंतनाग-राजौरी : एका नव्या मतदारसंघाचा अर्थ' या विषयावर दिलेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



एप्रिल १९४८मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी टाकून बंद केला होता. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरीही शत्रूच्या माऱ्यात त्यांनी तो मार्ग रणगाड्यांसाठी मोकळा केला. राजौरी मुक्त झाली. कारवारच्या या सुपुत्रास परमवीरचक्र लाभले. ज्या भूमीसाठी हा पराक्रम घडला, ती आज अनंतनाग-राजौरी या लोकसभा मतदारसंघात आहे.

हा मतदारसंघ निर्माण कसा झाला? २०१९च्या राज्य पुनर्रचना कायद्यानंतर न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. २०११च्या जनगणनेच्या आधारे आयोगाने ५ मे २०२२ रोजी अंतिम आदेश दिला. विधानसभेच्या जागा ८३वरून ९० झाल्या : जम्मू विभागात ४३, काश्मीर विभागात ४७. पाकव्याप्त प्रदेशासाठीच्या २४ जागा पूर्वीप्रमाणेच रिक्त राखल्या गेल्या. लोकसभेच्या पाचही मतदारसंघांना प्रत्येकी १८ विधानसभा क्षेत्रे मिळाली. २०२३च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या पुनर्रचनेविरुद्धची याचिका फेटाळली.

आता सीमा पाहा. जुन्या अनंतनाग मतदारसंघातून पुलवामा श्रीनगरकडे गेले. जुन्या जम्मू मतदारसंघातून पूंछ आणि राजौरीचा बहुतांश भाग इकडे आला. १८पैकी ११ क्षेत्रे खोऱ्यातील, तर ७ पीरपंजालच्या दक्षिणेकडील. मधे उंच पर्वतरांग आणि तिला ओलांडणारा एकच थेट रस्ता, बफलियाज ते शोपियाँ हा मुघल रोड. हिवाळ्यात तो बर्फाखाली जातो, आणि मग जम्मू-बनिहालचा लांबचा वळसा घ्यावा लागतो.

यावर आक्षेप घेतला गेला. कायदा सांगतो की मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा, दळणवळण आणि जनतेची सोय पाहिली जावी. हा आक्षेप पोकळ नाही. २०२४मध्ये ७ मे रोजी ठरलेले येथील मतदान निवडणूक आयोगास २५ मे रोजी घ्यावे लागले, ते दळणवळणाच्या अडचणींमुळेच. आपणही ही उणीव झाकू नये.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. आयोगाने खोरे आणि जम्मू हे दोन परस्परविरोधी तुकडे मानले नाहीत, संपूर्ण प्रदेश एक मानला. गुज्जर-बकरवाल बांधव आपले कळप घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हाच पर्वत ओलांडत आले आहेत. त्यांच्या पायवाटेला ही सीमा अपरिचित नाही. विधानसभेत प्रथमच अनुसूचित जमातींसाठी ९ जागा राखीव झाल्या, त्यांपैकी ६ याच मतदारसंघात आहेत. ज्यांच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षा आली, त्यांना आता प्रतिनिधित्वाचा हक्क मिळाला.

काहींनी म्हटले, ही रचना एका पक्षाच्या लाभासाठी आहे. निकालाने उत्तर दिले. भारतीय जनता पक्षाने येथे उमेदवारच दिला नाही. नॅशनल कॉन्फरन्सचे मियाँ अल्ताफ अहमद यांनी माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांचा पराभव केला. कोण जिंकले यापेक्षा मोठी गोष्ट निराळी आहे. २०१९मध्ये जुन्या अनंतनाग मतदारसंघात जेमतेम ९ टक्के मतदान झाले होते. २०२४मध्ये नव्या मतदारसंघात निम्म्याहून अधिक मतदार केंद्रांवर आले. नव्याने जोडलेल्या पूंछ-राजौरीचा त्यात मोठा वाटा होता हे खरे, पण खोऱ्यातही मतदान अनेक पटींनी वाढले. बहिष्काराच्या हाकेला मतदाराने दिलेले हे उत्तर होते.

आणि म्हणूनच शत्रूस ते सहन झाले नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ २६ निरपराध मारले गेले. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही त्या दिवशी प्राणास मुकला, हेही विसरू नये. पुढे ऑपरेशन सिंदूरनंतर ७ मे रोजी पूंछवर पाकिस्तानी तोफा धडाडल्या आणि अनेक नागरिक बळी पडले. पहलगाम आणि पूंछ ही एकाच मतदारसंघाची दोन टोके. पंधरवड्यात दोन्ही टोके रक्ताने भिजली.

बंधूंनो, नकाशावरील रेषा अधिकारी आखतात, मने जोडण्याचे काम समाजाला करावे लागते. मुघल रोड बारमाही व्हावा, हा आपला आग्रह असला पाहिजे. पूंछच्या विद्यार्थ्याला पुण्यात घर वाटावे, आणि मार्तंडाच्या दर्शनाला जाणाऱ्या मराठी कुटुंबाला अनंतनाग परके वाटू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. राण्यांनी सुरुंग काढून रस्ता मोकळा केला. त्या रस्त्याने आपण जात-येत राहणे, हीच त्यांना खरी मानवंदना.