खेचेओपाल्री : पाऊल एक, उपासना दोन



सिक्कीमच्या ग्यालशिंग जिल्ह्यात, सुमारे १७०० मीटर उंचीवर, घनदाट वनराजीच्या कुशीत खेचेओपाल्री सरोवर वसले आहे. त्याच्या आकारात हिंदू भाविकांना भगवान शिवाचे पदचिन्ह दिसते. बौद्ध उपासक तेच तारादेवीचे पाऊल मानतात. पाऊल कोणाचे, याचा निवाडा न होताच दोघांचे दिवे एकाच काठी तेवतात.

पाण्यावर पान पडले की पक्षी ते उचलून नेतो, अशी श्रद्धा आहे. तिला कोणी हसो. पण येथे मासेमारी आणि नौकानयन वर्ज्य राहिले, ते या पावित्र्यभावनेमुळेच.

परंतु पक्षी पान उचलील, गाळ कसा उचलणार? उघडे पाणी जेमतेम ४ हेक्टर, पाणलोट मात्र सुमारे १२ चौरस किलोमीटरचे! उतारांवरील वृक्षतोड आणि चराई यांमुळे माती खाली येते, भोवतीची दलदल आत सरकते. २०२५ साली सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. सिक्कीममधील हे पहिलेच रामसर स्थळ. गौरव मोठाच, तथापि माती अडवायची आहे ती वरच्या शेतकऱ्याच्या बांधावर, आणि त्याच्या चुलीला लाकडाऐवजी काय द्यायचे, हा प्रश्न काठावर हात जोडणाऱ्या दोन्ही यात्रेकरूंपुढे आहे.