घरच्या उपकारांची नोंद



संसारातील कृतज्ञता हा विषय साखऱ्यातील संयोजकांनी मला नेमून दिला, तेव्हा इतका गोड विषय वक्त्यास सोपा जाईल, अशी त्यांची समजूत झाली असावी. वस्तुतः गोड विषयाइतका घसरडा विषय दुसरा नाही. आईची माया आणि घरची भाकर यांची नावे घेतली की श्रोत्यांचे डोळे आपोआप ओलावतात, आणि ओलावलेल्या डोळ्यांना फारसे बारीक दिसत नाही. म्हणून आज थोडे बारीक पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

उन्हातून आलेल्या माणसापुढे न मागता येणारा पाण्याचा तांब्या, चार दिवसांचा ताप उतरल्यावर लेकराने आपणहून मागितलेली पहिली भाकर, सणाच्या तोंडावर सासुरवाशिणीला न्यायला दारात येऊन उभा राहिलेला भाऊ, आणि पेरणी उरकल्याच्या रात्री सगळे घर एका पंगतीला बसलेले असताना बाहेर पत्र्यावर वाजू लागलेला पाऊस, ही ज्या घराला लाभली त्या घराला दरिद्री म्हणण्याचा अधिकार कोणत्याही तहसिलीला नाही. परंतु यांतील एकाचीही नोंद कोणत्या दप्तरात आहे? निजामाच्या अमदानीत या मुलखाचे सरकारी दप्तर उर्दूत लिहिले जाई, १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली, पुढे भाषा बदलली, राज्य बदलले, १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हाही वेगळा निघाला. दप्तराने मात्र जमीन, पीक आणि बाकी यांखेरीज घरातील कशाचीही दखल घेतली नाही.

नोंद ठेवली ती जात्याने. पहाटेच्या अंधारात दळायला बसलेल्या बायकांनी माहेर, भाऊ, लेक, पाऊस आणि पंढरीचा विठोबा यांचे उपकार ओव्यांतून गायिले. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाकडे पाहिले म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, की कृतज्ञता व्यक्त करण्याची आपल्या समाजाची खरी शैली त्या अंधारात घडली. दुसरी, की त्याच गळ्यातून सासुरवासाचे दुःखही तितक्याच मोकळेपणाने निघाले. उपकार आणि गाऱ्हाणे यांची दोन वेगळी खाती तिथे नव्हती. विजेची गिरणी आली, बाईच्या खांद्याचा भार हलका झाला, हे उत्तमच झाले. जात्यासाठी उसासे टाकणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी.

आता आपल्या शेजारच्याच घराकडे येऊ. कयाधूकाठचे नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून आपण पूजितो. त्यांच्या घरचे दामाशेटी, गोणाई, राजाई, चार पुत्र आणि गंगाखेडहून लहानपणी आलेली जनी, या सर्वांच्या नावावर परंपरेने अभंग दिलेले आहेत. जनीने दळण, कांडण, झाडलोट यांतच विठ्ठलाला सोबतीला बोलाविले. कामापासून सुटका झाल्यावर सुख मिळेल, असा वायदा तिने स्वतःशी केला नाही. पण त्याच घरात राजाईही आहे. घरात धान्य नाही, नवरा देवाच्या नादी लागला आहे, आता मी काय करू, असे गाऱ्हाणे ती रखुमाईपाशी घालते. आणि गोणाई तर प्रत्यक्ष विठ्ठलाशीच भांडते. मला विशेष वाटते ते हे, की वारकरी परंपरेने ही भांडणे संताच्या कीर्तीला बाधक म्हणून गाळली नाहीत, गाथेत ठेवली. आपल्या घरी मात्र समाधानी कुटुंबाचे चित्र रंगविताना राजाईला आपण माजघरातच बसवितो.

याचे उदाहरण आपल्या हळदीचेच घेतो. काढणी झाली की वाफ्यात बसून माती झाडायची, जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, हे काम बहुतेक बायकांचे. पाठ वाकते, नखांच्या कडांना हळद अशी बसते की चार-आठ दिवस निघत नाही. मग कढई किंवा कुकर, मग पंधरवडाभर खळ्यावरची राखण, मग पॉलिश. आणि माल मोंढ्यात गेला म्हणजे हिशेबपट्टी फाटते ती घरधन्याच्या नावाने. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मातीचा मान झाला, याचा आनंदच आहे. पिवळ्या हातांचा मान करणे मात्र कोणत्याही सरकारी मंडळाच्या अखत्यारीत येत नाही, ते ज्याचे त्याने घरी करावयाचे आहे.

ते कसे करावे, याचा रोकडा मार्ग शेतकरी नेते शरद जोशी यांनी दाखविला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले. त्यानंतरच्या काळात शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. शेतमालाला घामाचे दाम मागणारा शेतकरी स्वतःच्या घरातील घामाचे दाम केव्हा देणार, हा तिचा बिनतोड सवाल होता, आणि उत्तर म्हणून पुरुषांनी आपखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असा तिचा आग्रह होता. ज्या गावात शंभर घरांनी असे केले, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरविले जाई. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. कृतज्ञतेचा इतका कोरडा, इतका कागदी आविष्कार मी दुसरा पाहिलेला नाही, आणि म्हणूनच तो मला सर्वांत आवडतो.

यावर गावोगावी एकच शंका निघते, की आमच्याकडे तुझेमाझे असे काही नाही, मग कागद कशाला? ही शंका ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्यानेच काढलेली मी आजवर ऐकली आहे. मागच्या बाजूला बसलेल्या भगिनींपैकी कोणास तीच शंका असेल, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी ती अवश्य विचारावी. बाकी अर्ज तलाठ्याकडे द्यावयाचा असतो, नोंद फेरफाराच्या वहीत होते, ती मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि मग सातबाऱ्यावर त्या घरातील दुसरे नाव चढते.