व्यवसायशिक्षणाची आखणी आणि सुधारणा



पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे ह्या गावांत गणपतीचे कारखाने घरोघरी आहेत. तेथील शाळेत सातवीत शिकणारा मुलगा सुटीच्या दिवशी वडिलांच्या हाताखाली मूर्ती घासतो, रंगाचा हात देतो. एखादा चुणचुणीत मुलगा डोळ्यांची आखणीही निरखून शिकलेला असतो. परंतु ही मूर्ती घरास कितीला पडली, असा प्रश्न त्यास केला तर तो निरुत्तर होतो. आणि पुष्कळदा त्याचे वडीलही अंदाजानेच उत्तर देतात. गणिताच्या तासाला हाच मुलगा नफातोट्याची उदाहरणे बिनचूक सोडवितो. शाळेतील गणित घरापर्यंत पोचले नाही आणि घरातील धंदा शाळेपर्यंत आला नाही. व्यवसायशिक्षणाचा सारा प्रश्न ह्या अंतरात साठविलेला आहे.

हे अंतर मिटविण्याचा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना तयार केली. त्या समितीत विनोबा भावे होते. त्यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथला, ही गोष्ट येथील शिक्षकांस सांगावयास नको. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचविले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे म्हटले. नावे पालटली, हेतू तोच राहिला. मात्र अनेक ठिकाणी उद्योग हा वेळापत्रकातील एक तास होऊन बसला. वस्तू तयार झाली, कपाटात ठेवली गेली. तिला खर्च किती आला, ती कोण घेईल, हे कोणी विचारले नाही. हस्तकौशल्य शिकविले गेले, व्यवसाय शिकविला गेला नाही.

कौशल्य म्हणजे वस्तू करता येणे. व्यवसाय म्हणजे ती करावी की नाही, किती करावी, कोणत्या भावाने द्यावी, ह्याचा निर्णय घेता येणे. म्हणून व्यवसायशिक्षणाची आखणी करताना आरंभ साधनांच्या यादीपासून न करता निर्णयांच्या यादीपासून करावयास हवा.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर ह्यांनी १९४९ साली अभ्यासक्रमाच्या आखणीसाठी चार प्रश्न मांडले. कोणते हेतू साधावयाचे? त्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे? ते कोणत्या क्रमाने जुळवावयाचे? आणि हेतू साधला की नाही हे कसे ओळखावयाचे? हे प्रश्न मोठ्या व्यापारी महाविद्यालयास जितके उपयोगी, तितकेच दोनशिक्षकी शाळेसही उपयोगी आहेत.

पेणकडील शाळेचा हेतू एका वाक्यात मांडता येईल : सातवी सोडणाऱ्या मुलास एका मूर्तीची खरी किंमत काढता यावी. आता अनुभव पाहा. समजा, एका मूर्तीस माती ४० रुपयांची, रंग ३० रुपयांचा, मजुरी १५० रुपयांची आणि जागा व विजेचा वाटा २० रुपयांचा. बेरीज २४० झाली. मुलगा म्हणेल, २४५ ला विकली की पाच रुपये सुटले. शिक्षकाने विचारावे, शंभर मूर्तींपैकी चार फुटल्या किंवा उरल्या तर? शंभरांचा खर्च २४,००० रुपये, विकल्या गेल्या ९६; म्हणजे प्रत्येकी २५० पडले. २४५ च्या भावाने हाती आले २३,५२०, आणि तोटा झाला ४८० रुपयांचा. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. माती व रंग आधी घ्यावे लागतात, पैसा मात्र भाद्रपदाच्या तोंडावर हाती येतो. २४,००० रुपये दरमहा शेकडा दोन व्याजाने पाच महिन्यांसाठी काढले असतील तर व्याज २,४०० रुपये, म्हणजे विकलेल्या प्रत्येक मूर्तीमागे आणखी २५. खरी किंमत २७५ झाली. ज्या घराने २५५ ला माल दिला, त्याने रात्रीचा दिवस करूनही पदरचे घातले. हे सर्व सातवीच्या गणितात बसते. ह्यास निराळे पुस्तक लागत नाही.

क्रमाचा प्रश्न ऋतूने सोडवावा. माती येते तेव्हा खरेदीचा हिशेब, मागणी नोंदविली जाते तेव्हा पावती व विसार, चतुर्थीनंतर सालअखेरचा ताळा. धंदा ज्या वेळी जे शिकवितो, त्याच वेळी शाळेने त्यास शब्द व अंक द्यावेत.

मात्र पेणची आखणी रोह्यास जशीच्या तशी नेऊ नये. रोह्यास धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत, कुंडलिकेच्या काठची भातशेती आहे. तेथील मुलापुढचे निर्णय वेगळे : भात झोडपताच विकावे की राखून ठेवावे? पगारपत्रकात हजेरी किती धरली, भविष्यनिर्वाह निधीची कपात किती झाली? रसायनाच्या पिंपावरील धोक्याची खूण काय सांगते? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख ह्यांचे बालपण रोह्यात गेले. देशाचा पैसा सांभाळणारा माणूस ज्या गावात वाढला, तेथील मुलास स्वतःच्या घरची पगारचिठ्ठी वाचता येऊ नये, हे बरे नव्हे.

आता सुधारणेकडे वळू. डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९ मध्ये शिक्षणाचे फळ मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्यास ते आवडले काय, त्यास ते आले काय, त्याच्या वागण्यात ते उतरले काय, आणि त्यातून प्रत्यक्ष काही निष्पन्न झाले काय. शाळांचे अहवाल बहुधा पहिल्या पायरीवर थांबतात. उपक्रम झाला, मुले आनंदली, छायाचित्र काढले. दुसरी पायरी परीक्षेने कळते. तिसरी पायरी दोन महिन्यांनी कळते : किती मुलांनी घरी जमाखर्चाची वही सुरू ठेवली? चौथी सालअखेरीस कळते : वहीमुळे घरातील एखादा निर्णय बदलला काय? वह्या बंद पडल्या असतील तर दोष मुलांचा मानू नये. आखणीचा मानावा, आणि पुढील वर्षी तिच्यातील एकच गोष्ट बदलून पाहावी. एकदम दहा बदलल्या तर गुण कशाचा आला हे समजत नाही.

धंदा पालटतो, तशी आखणीही पालटावी लागते. १२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि प्लॅस्टर की शाडू, हा प्रश्न कारखान्यांच्या दाराशी येऊन ठेपला. शाडूची मूर्ती वाळण्यास वेळ घेते, जड असते, वाहतुकीत जपावी लागते. ज्या शाळेत जुन्याच आकड्यांची उदाहरणे फळ्यावर लिहिली जातात, तेथील मुलास हा प्रश्न समजावा कसा?

तीन गोष्टींचे भान मात्र सुटू नये. मुलाच्या श्रमावर कोणाचाही कारखाना चालू नये. चौदा वर्षांखालील मुलांस कामास लावण्याविरुद्ध कायदा आहे आणि शाळेने त्यास पळवाट होता कामा नये. घरच्या कर्जाचे आकडे वर्गात उघड विचारू नयेत. मानलेल्या आकड्यांवर शिकवावे, मुलगा घरी जाऊन आपले आकडे त्यात घालील. आणि मूर्तिकाराच्या मुलाने मूर्तिकारच व्हावे, असा व्यवसायशिक्षणाचा अर्थ नाही. ज्यास किंमत काढता येते तो बापाचा धंदा डोळसपणे धरू शकतो, किंवा डोळसपणे सोडू शकतो. दोन्ही वाटा त्याच्यासाठी मोकळ्या असाव्यात.

ह्या कामास अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. एक वही, गावातील एक जाणता कारागीर आणि प्रश्न विचारणारा शिक्षक एवढी सामग्री आरंभास पुरते. पुढील चतुर्थीस हमरापूरच्या एखाद्या मुलाने वडिलांस म्हणावे, 'बाबा, ह्या भावाने दिली तर आपल्याला परवडत नाही', आणि वडिलांनी क्षणभर थांबून त्याची वही पाहावी. शाळेचे शिक्षण घरात पोचल्याची ह्याहून निराळी खूण शोधावयास नको.